संकटकाळचा संपादक

पडद्यावर आम्ही 'नोफेल' हा शब्द लिहू पाहत होतो आणि उमटला तो नुसता 'फेल'. २०१८ च्या पावसाळ्यातील एका रात्रीची ही हकीकत. आमच्या घरच्या लिनक्स संगणकाला लेखनाच्या प्रती ठेवण्यासाठी जोडलेली दुसरी डिस्क निकामी झाली होती. मूळ लेख, टिपणे, व्याख्यानांचे खर्डे असे सारे पहिल्या डिस्कवर सुखरूप होते. पण सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडायची याची जी यादी संगणक वाचतो, तीत दुसऱ्या डिस्कचेही नाव होते, आणि ती सापडेना म्हणून संगणक पुढे सरकेना. दीड मिनिट वाट पाहून त्याने काळ्या पडद्यावर प्रशासकाचा पासवर्ड मागितला. तो आम्ही कधी ठरवलाच नव्हता. प्रत हरवली म्हणून मूळ पोथीलाही कुलूप, असा हा प्रकार होता.

बंगळूरला असणाऱ्या भाच्याने दूरध्वनीवरून उपाय सांगितला. त्यानेच कधीतरी करून दिलेली रेस्क्यू डिस्क, म्हणजे आजारी संगणकाला बाहेरून चालू करणारी छोटी स्वयंपूर्ण प्रणाली, आमच्या खणात होती. "मामा, ती यादीची फाइल उघडा. त्या डिस्कच्या ओळीत 'डीफॉल्ट्स' असा शब्द दिसेल. त्याला लागून स्वल्पविराम द्या आणि 'नोफेल' लिहा. मग डिस्क नसली तरी तो अडून बसणार नाही." आम्ही तसे केले. स्वल्पविराम उमटला नाही. 'एन' दाबताच पडद्याच्या तळाशी काहीतरी तक्रार उमटली. 'ओ' दाबल्यावर खाली एक कोरी ओळ आपोआप उघडली, आणि उरलेली चार अक्षरे त्या ओळीत जाऊन बसली. 'फेल'.

यंत्राला उपरोधाचे अंग असते अशी आमची त्या रात्री खात्री झाली. पुढे कळले की यात उपरोध नव्हता, व्याकरण होते. फाइल उघडली गेली होती 'व्ही-आय' नावाच्या एडिटरमध्ये. ह्या एडिटरमध्ये कळ दाबणे म्हणजे अक्षर लिहिणे नव्हे, आज्ञा देणे होय. 'एन' म्हणजे मागचा शोध पुन्हा कर. शोध केलेलाच नव्हता म्हणून तक्रार. 'ओ' म्हणजे खाली नवी ओळ उघड आणि आता लिहू दे. आम्ही एक शब्द लिहीत होतो आणि तो मात्र दोन आज्ञा पाळून मग उरलेला शब्द लिहीत होता. त्याच्या बाजूने सारे काही निर्दोष घडले होते.

(एडिटर हा शब्दही मराठी वाचकाला फसवणारा आहे. संपादक म्हटले की आपल्यापुढे पाठभेद ताडून पाहणारा, निदान ऱ्हस्वदीर्घ सुधारणारा मनुष्य येतो. संगणकावरचा टेक्स्ट एडिटर यातले काही करीत नाही. तो फाइल उघडतो, आपल्याला बदलू देतो आणि जतन करतो. तो बोरू आहे, संपादक नव्हे.)

त्या रात्री अधिक सतावणारा प्रश्न वेगळाच होता. हा एडिटर तेथे कोणी ठेवला, आणि कोणासाठी? रेस्क्यू डिस्क आपण हौसेने वापरत नाही. घर नेहमीसारखे उघडत नाही तेव्हाच तिच्याकडे धाव घेतली जाते. तेथे आपल्या आवडीचे काही बसवून घेण्याची सवड नसते. करणाऱ्याने जे ठेवले असेल ते हाती घ्यावे लागते. 'डीफॉल्ट' ह्या शब्दाचा अर्थच हा: कोणी काहीच सांगितले नाही तर जे लागू होते ते. साहित्याच्या अभ्यासकांना वोल्फगांग इझर यांनी मांडलेली गृहीत वाचकाची कल्पना परिचित आहे. प्रत्येक संहिता आपल्या पोटात एक वाचक कल्पून घेऊनच लिहिलेली असते. रेस्क्यू डिस्कवर एडिटर निवडणारा मनुष्यही असाच एक वापरणारा कल्पितो: घाबरलेला, घाईतला, त्याला काय येते आणि काय येत नाही यासकट. त्या कल्पनेचा इतिहास आम्हांला पुढे वाचनातून उलगडत गेला. तो येथे मांडण्याजोगा वाटतो.

ह्या इतिहासात पहिली सत्ता जागेची होती. १९९० च्या दशकात रेस्क्यू डिस्क म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी आणि तिच्यावर १४४० किलोबाइट. त्यात प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, बसवायचा, फाइली हलवण्याची, डिस्क तपासण्याची, जोडण्याची साधने बसवायची आणि उरलेल्या फटीत एडिटर. १९९५-९६ मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी डेबियन लिनक्ससाठी 'बिझीबॉक्स' लिहिला तो ह्याच अडचणीतून. एकाच फ्लॉपीने प्रणाली बसवण्याचे आणि वाचवण्याचे असे दोन्ही काम करावे म्हणून त्यांनी अनेक छोट्या साधनांचा एकच प्रोग्राम केला. ज्या नावाने हाक मारावी ते काम तो करतो. एकाच नटाने दहा भूमिका कराव्यात तसा हा प्रकार. हाच बिझीबॉक्स पुढे रेस्क्यू डिस्क सोडून घरोघरच्या राउटरांत जाऊन बसला.

अशा जागेत ईमॅक्सला प्रवेश मिळणे शक्यच नव्हते. ईमॅक्स हा एडिटर १९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून आकाराला आला. एका जुन्या एडिटरवर रचलेल्या आज्ञांच्या गुच्छातून तो वाढत गेला. १९८४ मध्ये स्टॉलमन यांनी तो आपल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीसाठी नव्याने लिहावयास घेतला. त्याचे भक्त त्यात पत्रे वाचतात, हिशेब ठेवतात, प्रोग्राम चालवतात. तो एडिटर कमी आणि बिऱ्हाड अधिक आहे. आठ मेगाबाइट खाऊन सतत हाशहुश करणारा असा त्याच्या नावातील अक्षरांचा विनोदी विग्रह त्या काळी प्रसिद्ध होता. बिऱ्हाड बंबात बसवून आगीकडे नेता येत नाही.

पण नियती कधी कधी निवड करणाऱ्यांना विचारत नाही. १९८६ मध्ये मॅन्चेस्टर विद्यापीठातील एका व्हॅक्स संगणकावर मुळापासून सगळे पुसून टाकणारी आज्ञा चुकून दिली गेली. ती थांबवेपर्यंत मूलभूत साधनांचे कप्पे नाहीसे झाले होते. फाइलींची यादी दाखवणारी साधी आज्ञासुद्धा उरली नव्हती. उरले होते ते स्मृतीत आधीपासून चालू असलेले प्रोग्राम, आणि त्यांत कोणाचा तरी उघडा राहिलेला ईमॅक्स. त्यातून फाइल लिहिता येत होती. मग तेथील मंडळींनी एक चिमुकला प्रोग्राम यंत्रभाषेत, आकड्यांच्या रूपात, त्या ईमॅक्समधून अक्षरशः हाताने लिहिला आणि त्याच्या आधाराने टेपवरची प्रत परत आणण्याइतकी वाट मोकळी केली. मारिओ वोल्झको यांनी लिहून ठेवलेली ही हकीकत युनिक्सच्या लोकांत आख्यानासारखी सांगितली जाते. तेथे एडिटर कोणी निवडला नव्हता, तो उघडा राहिला होता एवढेच. आम्हांला तिच्यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. सगळे गेल्यावरही अक्षर लिहून ठेवण्याचे एक साधन उरले, तर बाकीचे त्यातून पुन्हा उभे करता येते. रेस्क्यू डिस्कवर एडिटर का हवाच, याचे इतके उघड उदाहरण दुसरे आम्हांला ठाऊक नाही.

आता सर्वांत जुन्या उमेदवाराकडे वळू. त्याचे नाव 'ई-डी'. (आज हे नाव उच्चारताच मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकाला वेगळीच धास्ती वाटेल, पण हा ई-डी त्याहून पुष्कळ जुना आणि निरुपद्रवी आहे.) केन थॉम्पसन यांनी तो १९६९ मध्ये न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये, युनिक्स प्रणालीच्या जन्माबरोबरच लिहिला. त्याआधी बर्कलीत झालेल्या 'क्यू-ई-डी' नावाच्या एडिटरचे संस्कार त्याच्यावर आहेत.

ई-डी समजून घ्यायचा तर पडदा विसरावा लागतो. त्या काळी संगणकाशी बोलायचे ते टेलिटाइपवरून, म्हणजे कागदाच्या गुंडाळीवर खडखडत छापणाऱ्या टंकयंत्रावरून. त्या घराण्यातील मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. बहात्तर अक्षरांची एक ओळ पाहायला सात सेकंद लागत. अशा यंत्रावर 'सगळा मजकूर दाखव' म्हणणे म्हणजे कागदाची आणि वेळेची उधळपट्टी. म्हणून ई-डी आपणहून काहीच दाखवत नाही. सतराव्या ओळीतला अमुक शब्द काढून तमुक घाल, असे त्याला सांगायचे. तो करतो आणि गप्प बसतो. काही चुकले तर तो एकच चिन्ह छापतो: '?'. काय चुकले, कोठे चुकले, हे आपण ओळखायचे. ह्या प्रश्नचिन्हाची चेष्टा युनिक्सच्या जगात पन्नास वर्षे चालू आहे. आम्हांला मात्र त्यात एक जुन्या वळणाचे गुरुजी दिसतात. विद्यार्थी चुकला की ते चष्म्यावरून नुसते पाहतात.

ई-डीचा गृहीत वापरणारा कोण? ज्याला मजकूर डोळ्यांनी पाहण्याची गरज नाही, तो मनात धरून ठेवता येतो असा. आपल्याकडच्या पाठांतराच्या परंपरेत वाढलेल्या मनुष्याला हे फारसे परके वाटू नये. परंतु यावरून ई-डी हे केवळ प्रज्ञावंतांचे हत्यार होते असे म्हणणे चूक ठरेल, आणि तसे समजणारे लेखन पुष्कळ आढळते. युनिक्ससाठी मोठे यंत्र मिळवताना थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरिष्ठांना सांगितलेले कारण होते मजकूर लिहिण्याचे आणि मांडण्याचे. १९७१ च्या उत्तरार्धात बेल लॅब्जच्या पेटंट विभागातील तीन टंकलेखक दिवसभर त्या यंत्रावर पेटंटचे अर्ज लिहीत, दुरुस्त करीत आणि मांडीत बसत. यंत्राची स्मृती होती अवघी २४ किलोबाइट. ज्या एडिटरला आज अभियंतेही घाबरतात, तो त्या टंकलेखकांच्या रोजच्या कामातला होता. दुर्बोधता साधनात किती आणि सवयीच्या अभावात किती, हा प्रश्न कवितेच्या बाबतीत आपण नेहमी विचारतो. येथेही तो विचारावा लागतो.

रेस्क्यू डिस्कवर ई-डी टिकला याचे कारण मात्र त्याच्या दारिद्र्यात आहे. त्याला पडदा लागत नाही, म्हणून पडद्याचे वर्णन करणारी फाइलही लागत नाही. जुन्या युनिक्स संगणकांवर मूलभूत साधनांचा कप्पा वेगळा असे आणि 'यूझर' नावाचा मोठा कप्पा अनेकदा वेगळ्या डिस्कवर असे. ई-डी पहिल्यात, व्ही-आय दुसऱ्यात. मोठा कप्पा जोडला गेला नाही की पडद्यावरचे सगळे डौलदार एडिटर त्याच्याबरोबर नाहीसे होत, आणि प्रशासकापुढे उरे तो ई-डी. ओपनबीएसडी ही काटेकोरपणाबद्दल प्रसिद्ध असलेली प्रणाली आपल्या स्थापनेच्या आणि बचावाच्या छोट्या प्रतीत आजही ई-डीच ठेवते. दुसरा नाही.

व्ही-आयची कथा लंडनमधून सुरू होते. तेथील क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कूलुरिस यांना ई-डीचे मौन असह्य होते. १९७६ मध्ये त्यांनी त्याचा पडद्यावर एक ओळ जिवंत दाखवणारा अवतार केला आणि त्याला 'ई-एम' असे नाव दिले. त्याचा विस्तार 'मर्त्यांसाठी एडिटर' असा. म्हणजे ई-डी अमरांसाठी, असा टोमणा. त्या उन्हाळ्यात ते बर्कलीला गेले, तेथे बिल जॉय ह्या विद्यार्थ्याने तो पाहिला, आणि जॉय व चक हेली यांनी त्यावरून पुढे 'ई-एक्स' रचला. त्याच ई-एक्सचे पडदाभर मजकूर दाखवणारे रूप म्हणजे व्ही-आय. १९७९ च्या बर्कली वितरणात ते ह्या नावाने बाहेर पडले.

आम्हांला त्या रात्री छळणारे व्याकरण कोठून आले, ते येथे कळते. जॉय यांच्यापुढे 'एडीएम-३ए' नावाचे टर्मिनल होते. त्याच्या कळफलकावर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. एच, जे, के, एल ह्या अक्षरांवरच बाण छापलेले होते. 'एस्केप' कळ आज टॅबची कळ असते तेथे, करंगळीजवळ होती. आज ती पार कोपऱ्यात गेली आहे आणि व्ही-आयचे भक्त तरीही दिवसातून शेकडो वेळा तेथवर हात नेतात. आणि जॉय घरून काम करीत ते तीनशे बॉडच्या मोडेमवरून, म्हणजे सेकंदाला सुमारे तीस अक्षरे. चोवीस ओळींचा पूर्ण पडदा नव्याने रंगवायला मिनिटाहून अधिक वेळ. अशा वेळी प्रत्येक अक्षर किमती असते. एका कळीत एक क्रियापद बसवावे, कमीत कमी हालचालीत जास्तीत जास्त काम व्हावे, ह्या गरजेतून ती संक्षिप्त भाषा जन्मली. सूत्रवाङ्मयाशी तिचे नाते जोडण्याचा मोह आम्ही आवरतो. पण अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो ही म्हण जॉय यांना नक्की पटली असती.

व्ही-आय सर्वत्र पोहोचला, आणि रेस्क्यू डिस्कसाठी 'सर्वत्र असणे' हाच मोठा गुण ठरला. १९९२ च्या पॉझिक्स प्रमाणात ई-डी, ई-एक्स आणि व्ही-आय तिघांनाही स्थान मिळाले. ईमॅक्सच्या मंडळींनी मात्र आपल्या एडिटरचे प्रमाणीकरण होऊ नये असाच आग्रह धरला. प्रमाण ठरले की विक्रेते नेमके तेवढेच देतील आणि त्यातील वाढण्याची शक्ती कापून टाकतील, अशी त्यांची भीती होती. प्रमाणभाषेच्या वादात बोलीच्या बाजूने जे म्हटले जाते, त्याच्या हे इतके जवळ आहे की आम्ही तो युक्तिवाद दोनदा वाचला.

पण मूळ व्ही-आयमध्ये ई-डीचा जुना सोर्स कोड होता, तो एटी अँड टीच्या मालकीचा. तो मुक्तपणे वाटता येत नव्हता. म्हणून त्याच्या प्रतिकृती निघाल्या. स्टीव्ह कर्केंडॉल यांचा एल्व्हिस, बर्कलीच्या कीथ बॉस्टिक यांचा एन-व्ही-आय, आणि नेदरलँड्समधील ब्राम मोलेनार यांचा विम. तो १९९१ मध्ये प्रथम अमिगा संगणकासाठी प्रसिद्ध झाला आणि नंतर सगळ्यांना मागे टाकून गेला. मोलेनार विमच्या मोबदल्यात पैसे मागत नसत. युगांडातील अनाथ मुलांसाठी मदत करा असे सांगत. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

फ्लॉपीवर ह्या प्रतिकृतीही जड पडत. मग आणखी लहान सोंगे निघाली. डेबियनच्या फ्लॉपींवर १९९० च्या दशकात 'ए-ई' नावाचा चिमुकला एडिटर असे. सोबतची मांडणीची फाइल बदलली की तो व्ही-आयसारखा किंवा ईमॅक्ससारखा वागे. 'ई३' नावाचा आणखी एक एडिटर थेट असेंब्ली भाषेत लिहिलेला होता. त्याला ज्या नावाने हाक मारावी त्याप्रमाणे तो व्ही-आय, ईमॅक्स, पिको किंवा जुना वर्डस्टार होई. बिझीबॉक्सनेही स्वतःचा छोटा व्ही-आय घेतला.

येथे आमचे मत थोडे कडक आहे. अशा सोंगांत कसब विलक्षण आहे. पण ज्याला व्ही-आय खरोखर येतो त्याची बोटे विचार न करता धावतात. ती एखाद्या अशा आज्ञेवर जाऊन पडतात जी सोंगाने घेतलेलीच नाही, आणि मग मजकुरात भलतेच काही घडते. अनोळखी साधनापुढे मनुष्य सावध असतो. ओळखीच्या नावाच्या साधनापुढे तो सावध नसतो, आणि संकटात तर मुळीच नसतो. ज्याला व्ही-आय येत नाही त्याला ह्या सोंगाचा उपयोग शून्य. तेव्हा अर्ध्या सोंगापेक्षा, कोणाचेच नसलेले पण सरळ असे काही ठेवणे बरे.

असे सरळ काही होते, ते पिको. वॉशिंग्टन विद्यापीठाने 'पाइन' हा पत्रे वाचण्याचा प्रोग्राम केला, त्यातील पत्र लिहिण्याचे अंग म्हणजे पिको. कळ दाबली की अक्षर उमटे, आणि पडद्याच्या तळाशी दोन ओळींत सूचना: बाहेर पडायचे तर अमुक, जतन करायचे तर तमुक. विद्यापीठातील कोणीही पाहताक्षणी वापरावा असा. मात्र पाइनचा परवाना बदललेल्या प्रती वाटू देत नसे. म्हणून ख्रिस अ‍ॅलेग्रेटा यांनी १९९९ मध्ये तसाच मुक्त एडिटर लिहिला. त्याला आधी 'टिप' असे नाव होते. त्या नावाचा दुसरा प्रोग्राम युनिक्सवर आधीच असल्याने जानेवारी २००० मध्ये त्याचे 'नॅनो' झाले. पिकोपेक्षा हजारपट मोठा, असे परिमाणांचा हिशेब जाणणाऱ्यांनी हसत म्हणावे. डेबियनच्या स्थापकात पुढे नॅनोच आला. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये फेडोरा ३३ ह्या आवृत्तीने रेस्क्यू डिस्कवरच काय, नेहमीच्या प्रणालीतही डीफॉल्ट म्हणून व्ही-आयच्या जागी नॅनो बसवला. त्याच्या तीन वर्षे आधी, २०१७ मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लो ह्या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाने जाहीर केले होते की 'विममधून बाहेर कसे पडावे' हा प्रश्न दहा लाख वेळा पाहिला गेला आहे.

आमचीही त्या रात्री सुटका नॅनोनेच केली असे लिहिता आले असते तर हा इतिहास फार सोपा झाला असता. भाच्याने आधी आम्हांला व्ही-आयमधून काहीही जतन न करता बाहेर काढले. (एस्केप, विसर्गचिन्ह, क्यू, उद्गारचिन्ह. हा मंत्र आम्ही कागदावर लिहून ठेवला आहे.) "आता नॅनो म्हणा आणि तीच फाइल उघडा." अक्षरे अक्षरांसारखी उमटू लागली. तळाच्या सूचनांत प्रत्येक अक्षरामागे एक टोपीसारखे चिन्ह होते आणि त्याचा अर्थ 'कंट्रोल' कळ असा आहे हे मात्र पुन्हा विचारावेच लागले. सर्वांसाठी म्हणून लिहिलेल्या मजकुरातही एखादा असा शब्द राहतोच. स्वल्पविराम दिला, 'नोफेल' लिहिले, आणि शेवटचे अक्षर पडण्याच्या आत ओळ मोडली. 'डीफॉल्ट्स'पासून पुढचा भाग उडी मारून खालच्या ओळीत गेला.

आम्ही हे सांगताच पलीकडून हसू ऐकू आले. "मामा, बंद करा. पुन्हा उघडा, पण नॅनो म्हटल्यावर डॅश डब्ल्यू द्या." त्या काळच्या नॅनोला लांब ओळ आपोआप मोडण्याची खोड होती. ही खोड त्याने पिकोकडून घेतलेली, आणि पिकोने पत्रलेखनाकडून. पत्रात साधारण सत्तर-बहात्तर अक्षरांनंतर ओळ मोडणे हे शिष्टाचाराचे लक्षण. डिस्कच्या यादीत मात्र एक ओळ म्हणजे एक नोंद, आणि ती मोडली की अर्थच मोडतो. गद्याच्या सवयी असलेल्या मनुष्याने ओवी लिहून घ्यावी तसे हे झाले. आमच्या यादीत डिस्कचे छत्तीस अक्षरी नाव, मग ठिकाण, मग प्रकार असे होता होता ओळ आधीच काठावर आली होती. आमच्या सात खुणांनी ती ओलांडली. जेन्टू लिनक्सच्या मार्गदर्शिकेत नॅनोपुढे ते डॅश डब्ल्यू वर्षानुवर्षे छापलेले असे, ते ह्याच कारणाने. २०१९ मध्ये नॅनोच्या चौथ्या आवृत्तीने ही खोड मुळातून काढली. आमच्या अपघातानंतर एका वर्षाने.

ई-डी टेलिटाइप विसरत नाही, व्ही-आय एडीएम-३ए विसरत नाही, नॅनोही वीस वर्षे टपालपेटी विसरला नव्हता. आमच्या मते निवड आज नॅनोचीच व्हावी, आणि फेडोराने केले ते योग्यच केले. कारण ज्याला व्ही-आय येतो त्याला तो नाव घेऊन बोलावता येतो, आणि ज्याला येत नाही त्याला कोणाचे नाव घ्यावे हेही ठाऊक नसते. डीफॉल्ट असते ते दुसऱ्यासाठी. पण ई-डी मात्र काढू नये. तो काढून फ्लॉपीच्या काळातही फारसे काही वाचत नव्हते, आता तर प्रश्नच नाही.

हे शेवटचे मत आम्ही अनुभवाने बनवले आहे. यादी दुरुस्त झाल्यावर, संगणक पुन्हा सुरू करण्याआधी, आमचे लेख जागेवर आहेत ना हे पाहण्याची आम्हांला घाई झाली. फाइल उघडली तर ओळीच्या ओळी कोऱ्या चौकटी. पोटात खड्डा पडला. रेस्क्यू डिस्कच्या त्या साध्या पडद्यापाशी पाचशे बारांहून अधिक आकृत्यांना जागा नसते, आणि जोडाक्षर, वेलांटी, रफार यांची मांडणी करण्याची बुद्धी तर मुळीच नसते. मराठी तेथे दिसतच नाही. मग ती फाइलीत आहे की नाही, हे कसे समजावे?

"ई-डीमध्ये उघडा," भाचा म्हणाला. "मग एक, स्वल्पविराम, पाच, आणि लहान एल." ही आज्ञा पहिल्या पाच ओळी लपवाछपवी न करता दाखवते. जे अक्षर छापता येत नाही त्याच्या जागी त्याच्या बाइटचा अष्टमान आकडा. कागदावर आकड्यांचे तिहेरी पुंजके उतरले: ३४०, २४४, २२५. "हा क," भाचा म्हणाला. "प्रत्येक देवनागरी अक्षरखुणेला तीन बाइट, आणि सुरुवात ३४० ने. तीन-तीनचे गट सलग दिसत असतील तर काही बिघडलेले नाही."

ही तीन-तीनची रचना म्हणजे यूटीएफ-८ ही पद्धत. जगातील बहुतेक लिप्यांचा मजकूर आज जिच्या आधाराने साठवला जातो ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर आखली गेली. आखणारे दोघे होते, रॉब पाइक आणि केन थॉम्पसन. ई-डी लिहिणारे तेच थॉम्पसन. आम्हांला हे त्या रात्री ठाऊक नव्हते. आम्ही पेन्सिल घेऊन गट मोजत बसलो होतो. तीन, तीन, तीन, मध्ये एक एकटा आकडा नसलेला मोकळा भाग म्हणजे शब्दांमधली जागा, पुन्हा तीन. पहिला शब्द चार गटांचा वाटला. लेखाचे नाव आम्हांला पाठ होते, म्हणून जुळवून पाहिले. क, काना, व, मग य-फळ्याच्या आधीचा हलन्त, आणि येथे मोजणी चुकली, पुन्हा सुरुवात केली. "मामा, बरोबर आहे हो सगळं," पलीकडून आवाज आला. पाच गट भरले, तेव्हा आम्ही 'काव्य'मधला य शोधून काढला आणि संगणक बंद केला.